गोळ्यातला माणूस

"तुमच्यापैकी कोणीतरी आज न बघता पुसलंय. कोण, ते मला विचारायचं नाही आणि तुम्ही सांगूही नका. पण पुसण्याआधी एकदा बघायचं होतं."

काका एवढं बोलले आणि चौघांच्याही माना खाली गेल्या. रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. संगणक एकामागून एक चित्रं तयार करत होते आणि माणसांना वाट बघण्यापलीकडे काम नव्हतं. काका त्या स्टुडिओतले सगळ्यात जुने. केस पिकले ते तिथल्याच पडद्यांसमोर.

"पण काका, गोळ्यातला माणूस पुसायचाच असतो ना?" आठवड्यापूर्वी लागलेली मुलगी म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

"मीच शिकवलं. म्हणून तर सांगतोय. ते वरचे दिवे घालवा जरा, डोळ्यांवर येतात... हां. ती कोपऱ्यातली खुर्ची आहे ना, तिथे तो बसायचा."

आणि काकांनी सांगितलं ते असं.

संगणकातल्या बाहुल्यांवर उजेड पाडणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला दिवाबत्ती म्हणायचे. "काय, संध्याकाळ झाली, दिवाबत्ती कुठे आहे?" हा विनोद रोज व्हायचा आणि रोज तोच आधी हसायचा. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. होती ती एक मोठी बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताईनेच शाळेचे गणवेश शिवून त्याला वाढवलं.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी ताईचा फोन आला. "आज येतोस का रे? बरं वाटत नाहीये जरा."

"एवढा शॉट संपवतो आणि निघतोच," तो म्हणाला.

हे वाक्य आपल्या इमारतीत दिवसातून शंभरदा बोललं जातं. कोणाला काही वाटत नाही. तो पोचला तेव्हा उजाडलं होतं. ताई शिलाई मशीनपाशी खुर्चीवर बसलेली, खांद्यावर शाल. दिवा चालू. तोंड दाराकडे. अंग गार.

त्यानंतर त्याने एक दिवसही रजा घेतली नाही आणि आपणही कोणी त्याला घे म्हटलं नाही.

त्या वर्षी एका म्हातारीच्या चित्रपटाचं काम चालू होतं. तिची सुरकुतीन् सुरकुती रंगवली होती, गालावरची लव दिसायची. पण उजेड पडला की सगळं मुसळ केरात. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "कातडी खरी, डोळे खरे, आणि म्हातारी प्लॅस्टिकची! उजेड कुठल्या दुकानातून आणलात?"

मार्चचा तेविसावा दिवस, गुरुवार. ताईची खोली दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोडायची होती. मालकीणकाकूंनी चार महिने काही म्हटलं नव्हतं, आता भिंती पाडून दोन खोल्यांची एक करायची होती. दिवाबत्तीच्या मनात आलं, ताईच्या दिव्याचा उजेड तरी वाचवू. तो म्हातारीच्या तोंडावर पडू दे. कुठेतरी तो दिवा लागलेला राहील.

कॅमेरा, तिवई आणि तो गोळा घेऊन तो निघाला. तू नवीन आहेस म्हणून सांगतो. आरशासारखा चकचकीत गोळा खोलीच्या मधोमध ठेवायचा आणि त्याचे फोटो काढायचे, अगदी काळोख्यापासून डोळे दिपतील इतक्या उजळपर्यंत. गोळ्यात अख्खी खोली उतरते. मग ते सगळे फोटो एक करून बाहुलीभोवती चारी बाजूंनी गुंडाळायचे. बाहुली त्या खोलीत बसल्यासारखी उजळते. फक्त एक भानगड असते. गोळ्यात फोटो काढणाराही दिसतो. म्हणून तो पुसायचा. बाजूच्या भिंतीचा तुकडा उचलायचा आणि त्याच्यावर लावायचा. दोन मिनिटांचं काम.

रात्री पावणेबाराला त्याने कुलूप काढलं. मशीन, खुर्ची, दिवा. बाकी सामान गेलेलं. त्याने मशीनवरचा दिवा लावला. खिडकीतून रस्त्यावरचा पिवळा उजेड आत येत होता. गोळा ठेवला, कॅमेरा लावला...

पण खोलीत थांबवेना.

तो बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभा राहून फोनवरून बटण दाबत राहिला. सात फोटो. आत सात वेळा खट् झालं. जाताना मालकीणकाकूंची खिडकी उघडली.

"दिवा बघून दचकले ना मी! जेवलास का?"

"हो काकू," तो खोटं बोलला.

दीड वाजता तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर होता. डोळ्यांत झोप, हात सवयीने चालत होते. फोटो थेट कॅमेऱ्याच्या कार्डावरूनच एकत्र केले. गोळ्यात तिवई होती, ती पुसली. माणूस होता नखाएवढा, तोही पुसला. जुनी प्रत न ठेवता फाईल तिच्यावरच जतन केली. कॅमेरा सकाळी दुसऱ्याला हवा होता, म्हणून कार्ड कोरं केलं. म्हातारीचा चार सेकंदांचा शॉट लावला. साधा शॉट. ती खुर्चीत बसते आणि समोर बघते, एवढाच. संगणक कामाला लागला. हा चहाच्या मशीनकडे गेला.

कप भरत आला होता, तेव्हा त्याला आठवलं.

गोळ्यातला माणूस बसलेला होता.

त्याने कप खाली ठेवला. मी बसलो नव्हतो, त्याला वाटलं. मी उभा होतो. मग... मी आतच नव्हतो. दार बंद होतं. मी जिन्यात होतो.

खांद्यावर शाल होती का? आठवेना. तोंड कुठे होतं? त्याने बघितलंच नव्हतं. सवयीने... भिंतीचा तुकडा उचलला... आणि...

तो धावत आला. फाईल उघडली. जिथे पुसलं तिथे भिंत. नितळ. स्वच्छ. काम चोख होतं, त्याचं काम नेहमीच चोख असायचं. हरवलेलं परत आणायचे सगळे उपाय करून झाले. काही उरलं नव्हतं.

भीती त्याला त्या रात्री वाटलीच नाही, असं तो मला म्हणाला. भीती परवडली असती.

साडेतीनला तो परत ताईच्या खोलीत होता. तोच दिवा. तीच खिडकी. गोळा त्याच जागी ठेवला. तो बाहेर आला, दार ओढलं. जिन्यात उभा राहिला.

खट्.

आत जाऊन फोटो बघितला. खुर्ची रिकामी.

पुन्हा बाहेर. खट्. पुन्हा आत. रिकामी.

नऊ वेळा. दहाव्यांदा तो दाराशी थांबला आणि हळू म्हणाला, "ताई, आलोय मी."

...

दिव्याचा बारीकसा आवाज येत होता, बस.

खट्.

खुर्ची रिकामी.

सहाला किल्ली मालकीणकाकूंच्या दाराखालून आत सरकवून तो स्टुडिओत आला. झाडूवाल्या मावशी नुकत्याच आल्या होत्या. त्यांना ना गोळा माहीत ना उजेडाचं गणित. शॉट तयार झालेला होता. त्याने तो उभ्याउभ्याच लावला.

म्हातारी जिवंत झाली होती. खरंच. डोळ्यांत ओल, कपाळावर दिव्याची ऊब. समोर बघत होती. आणि डाव्या गालावर एक मऊ सावली. अगदी जवळ, तिच्या आणि दिव्याच्या मध्ये कोणी बसलं की पडते तशी.

त्या जागी तर त्याने भिंत लावली होती.

आता नीट ऐका. म्हातारीभोवती गुंडाळलेलं चित्र एकच होतं. स्थिर. त्यात काही हलूच शकत नाही. शॉटमध्ये दुसरा दिवा नव्हता, दुसरी वस्तू नव्हती. मी स्वतः नंतर दोनदा उघडून तपासलंय. तो शॉट चित्रपटात तसाच गेला, आजही तसाच आहे.

पहिला सेकंद, सावली गालावर.

दुसरा सेकंद. तशीच.

तिसऱ्या सेकंदाला... ती वर सरकली. गालावरून कपाळावर. जराशी रेंगाळली. मग बाजूला झाली, आणि म्हातारीचं सगळं तोंड उजेडात आलं.

दिवाबत्ती हलला नाही. मागे झाडूचा आवाज थांबला होता. मावशी त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होत्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "तिच्याजवळून आत्ता कोण उठून गेलं हो?"