तिसरा फेरा

सकाळचं ऊन शटरखालून आत आलं होतं. डावऱ्या जुन्या गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरला होता. काम तसं किरकोळ. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला इंची आटे आणि मागाहून कुणीतरी बसवलेल्या पाइपच्या नटाला मिलीमीटरचे. अशी जोडी पहिले दोन फेरे गोडीत जाते, तिसऱ्याला अडून बसते. "तिथे पाना लावून जोर करतो तो गाढव," थोरला भाऊ उठता-बसता सांगायचा.

सहा वर्षांपूर्वी, याच गॅरेजात, दुसऱ्या गाडीच्या अशाच जोडीवर डावऱ्याने जोर केला होता. वर गळती रोखायची पांढरी टेप गुंडाळून. तीही उलटी. डावखुऱ्याचा हात तसाच जातो, आणि नट आवळला की ती टेप घट्ट बसायच्या ऐवजी सुटत जाते. पेट्रोल झिरपून गाडीने पेट घेतला तेव्हा बॉनेटपाशी थोरला उभा होता. तो गेला. काम त्याचं, चूक त्याची, असं सगळे म्हणाले. डावऱ्याने मान डोलावली.

आता त्याने जुना नट काढला. आट्यांवर पांढरी टेप होती. उलटी.

या गाडीला त्याने आजवर हात लावला नव्हता. असेल कुणी माझ्यासारखा, म्हणत त्याने ती खरवडून टाकली.

लेथवाल्या टर्नरकडून नवा जोड करून आणला होता, एका टोकाला इंची, दुसऱ्याला मिलीमीटर. आटे मोजायची पट्टी लावून त्याने दोन्ही टोकं दोनदा तपासली. केसाचा फरक नाही. बोटांनी फिरवला. एक. दोन. अडला.

बाहेर काढला. कोऱ्या आट्यांवर टेप. उलटी.

त्याचं टेपचं रीळ समोरच्या खिळ्याला होतं, आठवडाभर न हललेलं. त्याने जोड धुतला, पुसला, परत लावला. एक. दोन. पेट्रोलचा वास आला. टाकी कालच रिकामी केली होती.

"भाऊजी, चहा!" वहिनी थर्मास घेऊन आली. "काय हो, भूत बघितल्यासारखे काय दिसताय?"

"जोड बसत नाहीये."

"मग हळू करा. ह्यांच्यासारखी घिसाडघाई नको. घरी लेकरू लहान, आणि हा माणूस टेप गुंडाळून मोकळा!"

सहा वर्षं या वाक्याला तो मान डोलवायचा. आत्ताही डोलवणार होता. हातातला जोड गरम झाला.

"वहिनी, ती टेप माझी होती."

"काय?"

"जोर मी केला. दादाला माहीतही नव्हतं."

वहिनीने भरत असलेला कप खाली ठेवला. 

"फोटो भिंतीकडे तोंड करून लावलाय मी त्यांचा," ती म्हणाली. "सहा वर्षं. रोज शिव्या घालते."

ती घराकडे निघाली. थर्मास तिथेच राहिला.

डावऱ्याने जोड लावला. एक. दोन. तीन. लोण्यासारखा आत गेला, शेवटपर्यंत, नुसत्या बोटांनी. त्याला रडू फुटलं. पुसायला चिंधी शोधत होता, तेवढ्यात फोन वाजला. वहिनी.

"भाऊजी, घरी आला होतात?"

"नाही. का?"

"फोटो सरळ झालाय. कुलूप होतं हो घराला." तिचा श्वास ऐकू येत होता. "फोटोच्या खिळ्याला पांढरं काहीतरी गुंडाळलंय. तुमची ती टेप."

डावऱ्याने समोर बघितलं. खिळ्यावरचं रीळ सावकाश गोल फिरत होतं.

"कशी गुंडाळलीये? घड्याळाचे काटे फिरतात तशी, दादासारखी, की उलटी?"

"थांबा, बघते." फोनमध्ये तिची पावलं वाजली. मग ती एकदम हळू बोलली.

"काट्यांसारखी. सुलटी. पण भाऊजी... ओली आहे. पेट्रोलचा वास येतोय."