भिंतीपासून वीतभर

आठ वाजून दहा मिनिटं झाली. आजोबांनी कानांवरचे हेडफोन काढले आणि नोंदवहीत लिहिलं, ‘आज नाही.’ सलग पाचवा दिवस!

दारात तिघं उभी होती. सुट्टीत आजोळी आलेली ताई, तिचा भाऊ शंकासुर आणि मावसबहीण बडबडी.

दूरच्या बेटावर, दीपगृहात आजोबांचा मित्र राहायचा. तीस वर्षं दोघं रोज सकाळी आठला बिनतारी रेडिओवर बोलत. भेट एकदाही नाही! बेटावर फोन नव्हता, आणि गेल्या आठवड्यात मित्राच्या छातीत दुखत होतं.

“गेला असणार,” आजोबा म्हणाले. “हा सेट आता कुणाला तरी देऊन टाका.” त्यांचे डोळे भरून आले.

“आजोबा, दुसरं कुणी ऐकू येतं?” शंकासुराने विचारलं.

“नुसती खरखर.”

“म्हणजे सगळेच एकदम गेले?”

ताईने झटकन नोंदवही उघडली. शेवटचं बोलणं सोमवारी सकाळी. “सोमवारी दुपारी मामाने काय केलं होतं?”

“मागची भिंत रंगवली!” बडबडी ओरडली.

तिघं धावत अंगणात आली. नीटनेटकेपणाला नावं कोण ठेवील? पण मामाचा म्हणजे अतिच! गच्चीवरच्या एरियलच्या लांब तारेपासून आजोबांच्या खिडकीपर्यंत दोन तारा शेजारी शेजारी उतरायच्या. मधे प्लास्टिकच्या पट्ट्या, जणू छोटी शिडीच. आजोबांनी त्या लाकडी खुंट्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब बसवल्या होत्या. मामाने खुंट्या उपटून फेकल्या आणि तारा पावसाळी पाण्याच्या लोखंडी पाइपला घट्ट बांधल्या होत्या! गुडघ्यांमुळे आजोबा महिनाभर खाली उतरले नव्हते. त्यांना कळणार कसं?

“या तारांना लोखंडाचा शेजार चालत नाही, आजोबांनीच शिकवलंय,” ताई म्हणाली. “पण त्यांना आत्ता काही सांगायचं नाही. खोटी आशा नको.”

खुंट्या पुन्हा ठोकायचं म्हणताच मामा तडकला. “नव्या रंगाला भोकं? मुळीच नाही! लोंबणाऱ्या तारा शोभतात का?”

“पैज!” ताई म्हणाली. “उद्या आवाज आला नाही, तर अख्खी भिंत आम्ही रंगवू. दोनदा!”

“आणि अंगण झाडू,” बडबडीने भर घातली.

“कशाने? झाडूच्या दांड्याच्याच खुंट्या करायच्यात ना?” शंकासुराची शंका.

अखेर मामा तयार झाला. “पण शिडीवर मीच चढणार,” त्याने बजावलं. आजोबा पडून होते, सेट बंद होता. ताईने तारा सेटपासून सोडवल्या. दांड्याचे सहा तुकडे झाले. मामाने दात-ओठ खात भिंतीला पहिलं भोक पाडलं. शंकासुराने प्रत्येक खुंटी वितीने मोजायला लावली. तारा खुंट्यांवर बसल्या आणि ताईने त्या पुन्हा सेटला जोडल्या.

दुसऱ्या दिवशी आजोबा सेटजवळ यायलाच तयार नव्हते. “आजोबा, एकदाच! आमच्यासाठी!” ताईने हात धरून बसवलं आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

आठ वाजले. खरखर.

आणि एक थकलेला आवाज आला. “...सहावा दिवस. ऐकतोयस का रे? मी ठीक आहे. तू आहेस ना? असशील तर बोल, बाबा!”

आजोबांनी बोट बटणावर नेलं, पण दाबलं नाही. ताईने त्यावर आपलं बोट ठेवून दाबलं.

“आहे रे, गाढवा!” आजोबा रडत रडत ओरडले. “मला वाटलं, तूच गेलास!”

“आणि मी इथे तुझ्या नावाने रडत बसलो होतो!”

मामा दारातच उभा होता. “माझं चुकलं, अण्णा. न विचारता हात लावला,” तो हळूच म्हणाला.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. “नाव काढलंत, पोरांनो!” त्यांनी नोंदवही पुढे ओढली आणि लिहिलं, ‘आवाज स्वच्छ. तारा बसवल्या,’ आणि पेन ताईच्या हातात दिलं.

तिघांनी सह्या केल्या. मग ताईने पेन मामाकडे दिलं.