दांडीवर बसायचं नसतं

पहिल्याच भेटीत त्यानं तिला बर्फात लोळवलं, तेही भर रांगेसमोर.

बुर्गीचं काम जोड्या लावायचं. आल्प्समधल्या ओबरलान गावच्या जुन्या स्की-लिफ्टला खुर्च्या नव्हत्या. दोरावरून एकेक आडवी दांडी यायची, दोघांनी शेजारी उभं राहून ती पाठीशी घ्यायची आणि घसरत वर जायचं. एकटे आलेल्यांची रांग वेगळी. बुर्गी उंची बघून कोण कुणाबरोबर ते ठरवायची. गावातली निम्मी लग्नं याच रांगेत जमली, असं आलोईसकाका सांगत. उरलेली निम्मी इथेच मोडली, असं बुर्गी म्हणायची.

त्या सकाळी एकट्यांच्या रांगेत एकच शिल्लक होता. व्हिएन्नाचा इंजिनिअर कॉन्राड, काखेत नकाशांची नळी. ही लिफ्ट काढून सहा जणांची खुर्ची-लिफ्ट आणायचा आराखडा त्याच्याकडे होता. म्हणजे बुर्गीच्या बापानं उभे केलेले खांब पाडायचे. काकांना यंत्राशी बसवून तीच त्याच्या शेजारी उभी राहिली. दांडी आली… आणि हा पठ्ठ्या सोफ्यावर बसावं तसा ऐसपैस बसला.

दांडी वर गेली, दोघं खाली.

“बसायचं नसतं,” तोंडातला बर्फ थुंकत ती म्हणाली. “नुसतं टेकायचं.”

“मग बाकासारखी कशाला केलीत?”

“तुमच्यासारख्यांची गंमत बघायला, अहो इंजिनिअर.”

डोंगरावर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. याला मात्र ती मुद्दाम अहो-जाहो करी. मोजणीच्या नावाखाली तो रोज येऊ लागला, रोज पडू लागला. दोर जंगलाच्या आडोशानं का नेला, हेही त्यानं विचारलं. वारा, एवढंच ती म्हणाली. मग एके दिवशी दक्षिणेचा वारा सुटला, दरीतल्या साऱ्या उंच लिफ्ट बंद पडल्या, आणि हीच तेवढी कुरकुरत चालत राहिली. तो दिवसभर खांबाखाली उभा राहून बघत होता.

शुक्रवारी ग्रामसभेत त्यानं नकाशा उलगडला. नवी लिफ्ट पूर्वेच्या उतारावर. जुनी जागच्या जागी, नवा दोर घालून. कारण, वारा.

“आणि खरं कारण?” दुसऱ्या सकाळी दांडी पाठीशी घेताना बुर्गीनं विचारलं. रांगेत त्याच्या उंचीची एक बाई होती, तिला बुर्गीनं आधीच दुसऱ्याबरोबर वर धाडलं होतं.

“खरं वाराच. पण…” तो आज बसला नव्हता; अगदी बेतानं टेकला होता. “खुर्चीवर सहा जण मावतात, बुर्गी. मला दोघांचीच लिफ्ट हवी. रोज… जन्मभर.”

ती झाडांकडे बघत राहिली. माथा आला, गेला. तिथे दांडी सोडली नाही तर सगळी लिफ्ट थांबते, हे तिनं साऱ्या गावाला ओरडून ओरडून शिकवलेलं.

लिफ्ट थांबली.

खांबावरचा भोंगा खरखरला. आलोईसकाका. “बुर्गे, खाली चाळीस माणसं खोळंबलीत. त्या पोराला काय ते सांग, आणि लिफ्ट चालू दे.”

“पडणार नाहीस ना रे आता?” तिनं विचारलं.

तो हसला. तिनं दांडी सोडली. त्याचा हातमोजा मात्र घट्ट धरून ठेवला.