बोटीतला पाट

बापूरावांनी बोटीवर हातोडीचा दांडा वाजवला आणि मान तिरकी करून कान लावला.

"ऐकलंस? पुढे टण वाजतं. आता मागे ऐक." थप. "आतलं लाकूड पाणी प्यायलंय."

मथुराबाई तुळशीला पाणी घालत होत्या. तोंडात नेमाचं स्तोत्र होतं, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

"वहिनींनी मान हलवली, म्हणजे पंचनामा झाला," शेजारचा दिगंबर म्हणाला. "आता अंत्यविधी कधी?"

बोट फायबरची, जुनी, मूळ रंग कोणता ते कुणालाच ठाऊक नसलेली. कसबा पेठेतल्या त्यांच्या घरामागच्या अंगणात ती दोन पिंपांवर बसवलेली असे. खडकीच्या कारखान्यात जन्मभर फायबरचं काम करून बापूराव निवृत्त झाले आणि महिन्याभरात एका भंगारवाल्याकडून हे धूड हातगाडीवर घालून घेऊन आले. तेव्हापासून दर अनंत चतुर्दशीला ते आणि दिगंबर घाटावर उभे राहत, लोकांचे घरचे गणपती बोटीतून नदीच्या मध्यावर नेऊन विसर्जन करत. फुकट. पेठेत त्यांना 'ॲडमिरल' म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती हे विचारायची सोय नव्हती.

पण मागच्या वर्षी बोट मागून जड झाली होती. भर प्रवाहात पाणी कडेवरून आत आलं आणि पायरीवर आरतीचं तबक घेऊन उभ्या असलेल्या मथुराबाईंच्या हातातलं निरांजन विझलं.

"यंदा आधी बोट धड करा," त्यांनी सांगितलं. "नाहीतर नदीत उतरायचं नाही. मला तुम्ही घरी परत यायला हवे आहात."

एवढं लांब त्या वर्षाकाठी एकदाच बोलत, त्यामुळे बापूरावांनी त्याच दुपारी ग्राइंडर काढला.

बोटीची मागची भिंत म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये दाबून बसवलेली लाकडी फळी. कुठल्याशा स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलेलं. आतला थर कापून काढला तर लाकूड चहाच्या चोथ्यासारखं हातात आलं. बापूरावांनी ते सगळं खरवडलं, पोकळीत मोठा दिवा लावून ती चांगली वाळवली आणि नव्या फळीसाठी वखारीत गेले. संध्याकाळी चरफडत परतले.

"सागवान म्हणून देतात आणि पिळलं तर पाणी निघेल! ओलं लाकूड आत कोंडलं की पुन्हा तेच. जुनं, मुरलेलं हवं."

मथुराबाई आत गेल्या आणि माळ्यावरून गणपतीचा पाट घेऊन आल्या.

सासूबाईंच्या आधीपासूनचा तो सागवानी पाट. मुलगा पियुष हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत लागला, औंधला फ्लॅट झाला आणि गणपतीही तिकडे गेले. "आई, पाट कशाला? ग्रॅनाईटचा ओटा आहे ना," असं त्याने फोनवर सांगितलं तेव्हापासून पाट माळ्यावर.

"देवाचा पाट?" बापूराव कचरले.

"देवाच्याच कामाला जातोय."

मनातलं त्या बोलल्या नाहीत. मूर्ती घेऊन तो पाट दर वर्षी नदीवर जाई. देव पाण्यात राहत, पाट मात्र घरी येई. रिकामा आणायचा नाही म्हणून त्यावर नदीतली मूठभर वाळू ठेवायची, ती घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत टाकायची. पूर असो, गर्दी असो, पाट कधी नदीवर राहिला नव्हता. तो परत येणारच.

पाट मापात बसला, जणू त्याच जागेसाठी कापलेला. वरून काचेच्या धाग्यांची मॅट, तिच्यावर चिकट रेझीन, मग रोलर. अंगणभर तो उग्र गोडसर वास सुटला. दोन दिवसांनी बापूरावांनी दांडा वाजवला. टण!

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीच्या मागच्या कोपऱ्यात चिमूटभर ओली वाळू होती.

"मांजर," बापूराव म्हणाले.

"मांजर नदीवर जाऊन येतं वाटतं," दिगंबर म्हणाला. "तुमच्यापेक्षा उद्योगी आहे."

पुढच्या सकाळी पुन्हा वाळू. अंगण कोरडं, दाराला कडी. मथुराबाईंनी ती पदरात घेतली आणि सवयीने कोपऱ्याकोपऱ्यांत टाकली. त्यांना भीती वाटली नाही. उलट, पुष्कळ दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं.

चाचणीसाठी बोट घाटावर नेली. बापूराव बसण्याआधीच दिगंबरच्या हातून दोर सुटला. रिकामी बोट जरा पुढे गेली, थबकली, वळली आणि मथुराबाई उभ्या होत्या त्या पायरीला येऊन टेकली.

"बोट आहे की गोठ्यातली गाय!" दिगंबर हसला.

"उलटा प्रवाह असतो काठाला," बापूराव म्हणाले. ते खरंही असेल.

अनंत चतुर्दशीला धरणातून पाणी सोडलेलं होतं. नदी गढूळ, फुगलेली. ढोलांनी घाट हादरत होता. बापूराव नातवंडांना खेळवावं तशा खुशीत फेऱ्या मारत होते. "चला, ॲडमिरल निघाले! मोरया!"

दिवेलागणीला दिगंबर पायरीवर मूर्ती उचलायला उतरला आणि बोटीचा दोर सुटला. बापूरावांनी वल्हं रोवलं. ते मोडलं. बोट गिरकी घेत पुलाखालच्या काळोखात गेली.

दिगंबर धावत पुलावर चढला आणि पलीकडच्या कठड्यावरून वाकला. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"वहिनी, बोटीत कुणी नाही."

मथुराबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी निरांजनावर हाताचा आडोसा धरला.

"येतील," त्या म्हणाल्या. "पाट आहे."

ढोल थांबले.

मग पुलाखालून बोट आली. प्रवाहाच्या विरुद्ध. मागची बाजू पुढे करून, वल्ह्याशिवाय, हळू.

मागच्या फळीला पाठ टेकून बापूराव मांडी घालून बसले होते. नखशिखांत भिजलेले, हसत.

घाटावर मोरयाचा एकच गजर झाला. दिगंबरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नंबर बदललाय," तो पुटपुटला.

"पाण्यात पडलात का?" घरी आल्यावर मथुराबाईंनी विचारलं.

"छे! नुसता बसून होतो. बोटीनेच आणलं."

त्यांची उजवी मूठ मिटलेली होती. ती का मिटली आहे हे त्यांना आठवेना. मथुराबाईंनी एकेक बोट सोडवलं. आत काळी, गार, तळाची वाळू होती. ती त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांत टाकली, देवाजवळ साखर ठेवली आणि त्या रात्री वर्षभरानंतर प्रथमच गाढ झोपल्या.

सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. त्या तुळशीला पाणी घालत होत्या. बापूराव शीळ घालत अंगणात आले आणि बोट पुढून मागून वाजवून पाहिली. टण. टण. टण.

"थेंब शिरला नाही बघ! आता ही आपल्या दोघांनाही पुरून उरेल. बोट ठणठणीत आणि ॲडमिरलही ठणठणीत!" असं म्हणत त्यांनी हसत हसत हातोडीचा दांडा स्वतःच्या छातीवर वाजवला.

थप.

बापूरावांनी मान तिरकी केली. पुन्हा वाजवला, जरा खाली. मग बरगडीवर. थप. थप.

"थोडी ओल आहे," ते खुशीतच म्हणाले. "वाळेल."

त्यांनी खुर्ची उन्हात ओढली आणि पाठ उन्हाकडे करून बसले. "चहा टाक गं. साखर जरा जास्त."

मथुराबाईंच्या हातातली लोटी केव्हाच रिकामी झाली होती. तरी पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता, खुर्चीखालून.