शुक्रवारचा सराव

खोटं वाटत असेल तर पुढे वाचू नका. मला कुणाला घाबरवायची हौस नाही. मी हेमाली. भिवंडीत राहते, गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. हे माझ्या घरात घडलंय, भर दुपारी. आणि अजून संपलेलं नाही.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. खाली लूमचा कारखाना. आठवडाभर घरातली भांडी हलत असतात, पण शुक्रवारी लूम बंद. मग खालच्या गल्लीतलं बोलणंही वर ऐकू येतं.

माझी धाकटी बहीण क्षितिजा. तिच्या डोक्यात एकच खूळ, पाठीवर बॅग टाकून हिमाचल फिरायचं. दोघींनीच! आमची धाव तोपर्यंत पडघ्याजवळच्या गावापर्यंत. दोघींचे मिळून अकरा हजार जमले होते. त्यात स्लीपरचं तिकीट, डॉर्मिटरीत खाट, खायला घरची चटणी-भाकरी. हमाल कुठून परवडणार? दहा किलो सामान आपणच उचलायचं.

त्याचा सराव म्हणून ही बया कारखान्यातल्या सुताच्या रिकाम्या कांड्या बॅगेत भरायची आणि दर शुक्रवारी दुपारी जिना चढायची. कांड्या एकमेकींवर वाजायच्या.

खड... खड...

पहिल्या मजल्यावरच तिला दम लागायचा.

"अगं, हिमाचल राहू दे, आधी घर तरी गाठ!" मी वरून ओरडायचे.

"ताई, बघच तू. एक दिवस न थांबता येते का नाही!"

जानेवारीत कोन गावच्या रस्त्यावर एका ट्रेलरने तिची स्कूटी उडवली.

एकवीस वर्षांची होती हो माझी पोर.

दहाव्याला गावी नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. काका म्हणाले, तुझ्या आईला सांभाळू. आई म्हणाली, तुझा फोटो देव्हाऱ्याशेजारी लावीन. कावळा झाडावर बसून नुसता बघत होता. ऊन चढलं. भटजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करूया.

मला बघवेना. मी रडत ओरडले, "क्षिते, चल, तुला हिमाचलला नेते! शब्द!"

कावळा उतरला.

सगळ्यांनी हात जोडले. तिचे कपडे आणि ती बॅग मी माझ्या हातांनी नदीत सोडली.

घरी आल्यावर बाबांनी आम्ही आधीच काढलेली तिकिटं रद्द केली. "एकली पोर जाते काय कुठं? न्हाय म्हंजे न्हाय." आई झोपेत माझी ओढणी मुठीत धरून ठेवायला लागली. तिला सोडून मी जाणार कशी?

पुढच्या शुक्रवारी... तीनच्या सुमारास...

खड... खड...

आवाज पहिल्या मजल्यावर थांबला. कुणीतरी धापा टाकत होतं.

मी धावत उतरले.

जिना रिकामा.

पहिल्या मजल्यावरच्या आनंदीबाई दारात उभ्या होत्या. "हेमाली, कांड्या कोन नेतंय गं वर? आज लूम बंद हाय ना?"

मी तशीच वर पळाले.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत आला. मग त्याच्याही वर. दम कमी लागत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि काळीज फाटलं. माझी बहीण तयारी करत होती. मी शब्द दिला होता ना!

मागच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी ती कुठेच थांबली नाही.

खड... खड... खड...

थेट आमच्या दारापर्यंत.

आई आत झोपली होती. मी कडीवर हात ठेवला, पण उघडायची हिंमत होईना.

पलीकडून... अगदी हळू...

"ताई, निघायचं?"

काय सांगणार होते मी? मी दाराला कपाळ टेकलं आणि म्हटलं, "पुढच्या महिन्यात जाऊ. नक्की."



मग पावलं दोन-दोन पायऱ्या गाळत, उड्या मारत खाली गेली. खूश झाली की ती तशीच उतरायची.

त्या दिवसापासून जिना गप्प आहे. मेलेल्या बहिणीला मी थाप मारली आणि तिने ती खरी मानली. आता ती वाट बघतेय. कुठे, ते मला माहीत नाही.

उद्या महिना भरतो. मी अजून तिकीट काढलेलं नाही.