दापोडीच्या खोलीतला आवाज

सुंदराबाई नवऱ्याशी जन्मभर ओरडून बोलल्या. भांडण म्हणून नव्हे. सीताराम भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते, आणि दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या त्या यंत्रांनी त्यांचे कान पस्तिशीतच अर्धे करून टाकले होते. त्यामुळे दापोडीच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत 'भाजीत मीठ पडलंय का' हेसुद्धा वरच्या पट्टीत विचारलं जाई, आणि घरातली सगळी गुपितं शेजारपाजाऱ्यांना तोंडपाठ असत. नवीन भाडेकरू आला की त्याला पहिले आठ दिवस वाटायचं, या जोडप्याचं काही खरं नाही.

गायच्या मात्र त्या अगदी हळू. नवरा ड्युटीवर गेला की भाजी निवडताना, गोधडीला टाके घालताना स्वतःशीच ओव्या म्हणायच्या. माहेरच्या नदीच्या, भावाच्या, कुठल्याशा बोरीच्या झाडाच्या. त्यातल्या निम्म्या त्यांनीच जुळवलेल्या. चेतन, त्यांचा एकुलता एक मुलगा, त्या ऐकतच वाढला. सीतारामांनी मात्र त्या कधीच ऐकल्या नाहीत. त्यांच्या कानांना तेवढं झेपतच नव्हतं.

दोन हजार दोन साली चेतनने पहिल्या पगारातून कॉम्प्युटर जोडून घेतला. काय दिवस होते ते! पेटीएवढा मॉनिटर, त्यावर आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर, आणि बुधवार पेठेतून घासाघीस करून आणलेलं साउंड कार्ड. ते बसवल्यावर माइक चालतो का हे बघायला त्याने बटण दाबलं, तेव्हा सुंदराबाई पाठमोऱ्या बसून मेथी निवडत होत्या. चार मिनिटं अकरा सेकंदांची फाइल तयार झाली. त्या जाऊन आता सहा वर्षं झाली होती, आणि त्यांच्या गाण्याची तेवढी एकच खूण घरात उरली होती.

चेतन आता अठ्ठेचाळीस वर्षांचा, वारज्यात स्वतःचा फ्लॅट, हिंजवडीत नोकरी. आठवड्यातले तीन दिवस कंपनीच्या बसमध्ये मान वाकडी करून झोपायचं, दोन दिवस घरून काम. त्याची बायको पूर्णिमा शाळेत शिकवायला आणि मुलगी मैत्री कॉलेजला गेली की घरात बापलेक दोघंच उरत. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, बाबांचा डावा कान गेलाच आहे, उजव्यात थोडी धुगधुगी आहे, तीही फार दिवस टिकायची नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "मला तिचं गाणं ऐकव. ते हळू म्हणायची ते."

"तुम्हाला माहीत होतं?" चेतनने ओरडून विचारलं.

"दारात आलो की व्हट हलताना दिसायचे. मला बघितलं की थांबायची. चाळीस वर्षं."

चेतनला त्या रात्री जेवण गेलं नाही.

फाइल मोबाइलवर लावली तर खरखर, आणि तिच्याखाली आईचं पुसटसं पुटपुटणं. मैत्रीने कुठल्याशा ॲपमधून ती साफ करून दिली, पण खरखरीबरोबर आजीही पुसली गेली आणि उरला एक पत्र्याच्या डब्यातला आवाज. चेतन शेवटी माळ्यावर चढला, जुना कॉम्प्युटर खाली काढला, आणि तो चालू झाला तेव्हा त्याचे डोळे खरंच भरून आले. पूर्वी तो अशी कार्डं सुधारायचा. स्वस्त सुटे भाग काढून चांगले बसवले की त्याच कार्डातून दुप्पट स्वच्छ आवाज येई. मित्र हसायचे, पण गाणी ऐकायला रविवारी त्याच्याकडेच येऊन बसायचे.

पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात त्याने सुट्या भागांची यादी पुढे केली. मालकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"साउंड कार्ड सुधारताय? जुन्या वस्तूंचं केळकर म्युझियम इथून दहा मिनिटांवर आहे."

"वडिलांसाठी आहे हो."

"मग बसा," ते म्हणाले आणि स्वतः उठून खोके धुंडाळू लागले.

पहिल्या रविवारी त्याने विजेची घरघर गाळणारे सगळे कपॅसिटर बदलले. घरघर गेली. आईच्या मागे स्टोव्हचा सूं आवाज ऐकू आला, मेथीचे देठ तुटताना ऐकू आले. चेतन हरखून गेला. बाबांना मात्र काहीच उमगलं नाही.

दुसऱ्या रविवारी त्याने आवाज मोठा करणारी आठ पायांची चिप बदलली. आता आई हाताच्या अंतरावर आली. तिच्या बांगड्या कळत होत्या, ओवी संपताना ती घेत असलेला श्वास कळत होता. आणि दोन मिनिटांनंतर आणखी एक श्वास कळत होता. जड, संथ, आईच्या अगदी शेजारचा. तो आपलाच असणार असं चेतनने ठरवून टाकलं. वास्तविक तेव्हा तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, टेबलापाशी होता. त्याने तीच फाइल मोबाइलवर तीनदा ऐकली. तिथे दुसरा श्वास नव्हता. फाइलीत जे नाही ते कार्ड कुठून आणणार, असं मनाशी म्हणून त्याने चहा टाकला.

बाबांना अजूनही ऐकू येत नव्हतं. तेव्हा तिसऱ्या रविवारी त्याने या हौसेतलं शेवटचं काम केलं. कार्डातून आवाज बाहेर पडतो त्या तोंडाशी दोन कपॅसिटर बसवलेले असतात. जे हलतं, थरथरतं, तेवढं त्यांनी बाहेर सोडायचं आणि जे एका जागी स्थिर आहे ते आतच अडवायचं. आवाज म्हणजे थरथर, त्यामुळे ऐकणाऱ्याचं काही बिघडत नाही. पण कपॅसिटरमुळे आवाज किंचित मळतो असं हौशी लोक मानतात, आणि ते उपटून तिथे सरळ तार जोडतात. तार जोडण्याआधी मीटर लावून बघायचं असतं, आत स्थिर असं काही साठलेलं नाही ना. चेतनने आधी तार जोडली. बाबा शेजारच्या खाटेवर वाट बघत बसले होते, त्याला धीर निघाला नाही.

मीटर नंतर लावला. सिनेमाच्या गाण्यांना काटा शून्यापाशीच राहिला. आईची फाइल लावली, की दोन मिनिटांनंतर काटा हळूहळू चढायचा आणि चाळीस मिलिव्होल्टवर जाऊन थांबायचा. ढळायचा नाही. फाइल तपासली, तर तिच्यात तसं काहीही नव्हतं.

खरं तर तिथेच हात आवरायला हवा होता. पण तोवर बाबांनी हेडफोन कानाला लावला होता, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता.

"आलं ऐकू?" चेतनने हातवारे करून विचारलं.

"येतंय की! चांगलं मोठ्यानं म्हणती."

चेतनने हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला. आई मोठ्याने म्हणत होती. 'भाजीत मीठ पडलंय का' ज्या पट्टीत विचारायची त्याच पट्टीत ती नदीची ओवी म्हणत होती. मोबाइलवरच्या फाइलीत ती पूर्वीसारखीच पुटपुटत होती.

त्याने कुणालाच काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? बाबा खुशीत होते. रोज दुपारी तीनला चहा झाला की ते खाटेवर मांडी घालून हेडफोन लावायचे. चार मिनिटांची फाइल संपली तरी तास तास तसेच बसून राहायचे, मान डोलवत. त्यांनी श्रवणयंत्र खणात टाकून दिलं. पूर्णिमाने हाक मारली तर त्यांना कळेनासं झालं. मैत्री समोर जाऊन उभी राहिली तरी ते तिच्या आरपार बघायचे. जेवणाचं ताट समोर निवून जायचं. पंधरा दिवसांत त्यांचं वजन इतकं उतरलं की सदरा खांद्यावरून घसरायला लागला.

चेतन त्यांना पुन्हा तपासणीला घेऊन गेला. तिथल्या बाईंनी कागद दोनदा पाहिला.

"दोन्ही कान पूर्ण गेलेत. महिना झाला असेल सहज."

"पण ते हेडफोनवर रोज गाणी ऐकतात."

"हेडफोनवर?" बाईंनी कागद मिटला. "यांना शेजारी फटाका फुटला तरी कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी चेतनने रजा टाकली. कपॅसिटर परत बसवायचे. बाबांचा जीव त्या गाण्यात अडकलाय, ते बंद केलं की ते आपल्यात येतील, दोन घास खातील. बाप असा डोळ्यांदेखत निसटू द्यायचा नाही. त्याने सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवला.

तीन वाजत होते. बाबा खाटेवर बसले होते. कानाला हेडफोन, आणि नजर समोरच्या भिंतीवर.

तार कापण्याआधी एकदा आईचा आवाज ऐकावा, असं त्याला वाटलं. त्याने हलकेच बाबांच्या डोक्यावरून हेडफोन काढून स्वतःला लावला. बाबांनी हरकत घेतली नाही. त्यांना ते कळलंच नाही.

फाइल केव्हाच संपली होती. स्टोव्ह मात्र चालू होता.

आई म्हणत होती. हळू. अगदी हळू, तो लहान असताना म्हणायची तशी.

चेतनला बरं वाटलं. क्षणभरच.

मग ओवी थांबली. आई बोलली, तशाच दबक्या आवाजात, "बसा की नीट. दमलात?"

"नाय," शेजारून उत्तर आलं. "आता कसं स्वच्छ ऐकू येतंय."

तो आवाज तरुण होता. पण तो कुणाचा हे कळायला चेतनला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं नाही.

समोर खाटेवरच्या म्हाताऱ्याचे ओठ मिटलेले होते.

"बाबा!" चेतन जिवाच्या आकांताने ओरडला. त्याने त्यांचे खांदे धरून हलवले. "बाबा! अहो, इकडे बघा! मी चेतन!"

बाबांची पापणीसुद्धा लवली नाही.

हेडफोनमध्ये मेथी निवडणारे हात थांबले.

"कोण हाक मारतंय वो?" आईने विचारलं.

थोडा वेळ काहीच नाही. कुणीतरी कान देऊन ऐकत असावं, तेवढा वेळ.

"कुणी नाय," बाबा म्हणाले. "तू म्हण."