दुसऱ्या पदाआधीचं वजा

सर, किशोरी फिजिक्समध्ये दोनदा नापास झाली ती तुमच्यामुळे. "हे वजा कुठून आलं?" एवढंच तिनं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "पाठ कर. मासे विकताना कोण विचारणार आहे?" अख्खा वर्ग हसला. आता तिसरी खेप, आणि ही गेली तर कॉलेज बंद, असं घरी ठरलेलं.

खांदा कॉलनीतल्या झेरॉक्सच्या दुकानात तिची वही उघडी पडली होती. मागे उभा असलेला कुंदन, न्हावा शेवा बंदरातल्या क्रेनवरचा इलेक्ट्रिशियन, वाकून म्हणाला, "दुसऱ्या पदाआधी अधिक लिवलंय... वजा पायजे."

"दुसऱ्याच्या वहीत डोकावायचा पगार मिळतो का?"

"नाय. हौस हाय."

ती हसली नाही. वही मात्र त्याच्याकडे सरकवली.

विकलनातला गुणाकाराचा नियम तिला पाठ होता: एक स्थिर ठेवा, दुसरा बदला, मग उलट करा आणि बेरीज घ्या. मग विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या क्रॉस गुणाकाराचं अपसरण, म्हणजे डायव्हर्जन्स, काढताना वजा का? कुंदननं पेन उचललंच नाही. वहीवरचा पत्ता वाचून म्हणाला, तू खाडीकाठच्या गव्हाणची ना, मग घरचं जाळं घेऊन ये.

ओहोटीच्या गुडघाभर पाण्यात दोघांनी जाळ्याच्या दोन काठ्या धरल्या. ती काठी रोवून उभी राहिली, तो किनाऱ्याकडे चालला. मग तो थांबला, ती चालली. बाबांसोबत लहानपणापासून हेच केलेलं... आणि मध्येच ती थबकली. दोघं किनाऱ्याकडेच चालले होते; पण तो चालताना जाळं एका अंगानं वळलं, ती चालताना उलट्या.

"हेच ते वजा. वळण उलटलं की चिन्ह उलटं," ती हळूच म्हणाली. त्यानं नुसती मान हलवली. त्याच्या पापणीवर खाडीचं पाणी, ओठांत हसू. त्या घटकेला ती सूत्र विसरली असती, तर दोष तिचा नसता.

किशोरी पास झाली. निकाल घेऊन तडक खाडीवर कुंदनकडे आली. बाबांचे, खाडीचे, त्या जुनाट जाळ्याचेही उपकार तिच्या डोळ्यांत मावत नव्हते.

"पास झाले. तुझ्यामुळं."

"जाळं तुझंच व्हतं," तो जाळ्याच्या काठीशी चाळा करत म्हणाला. "आणि... काय नाय."

महिनाभर तो असाच काही सांगायला जायचा आणि 'काय नाय'वर थांबायचा. तिनं आपली काठी चिखलात खोल रोवली.

"उपकार जन्मभर मानीन. पण मी रोवून उभी हाय, कुंदन. आता चालायची पाळी तुझी— येतोस का नाय, सांग."